शाळेची उचलबांगडी

‘उचलबांगडी’ हा शब्द हल्ली आपल्याला भेटतो तो बहुधा वर्तमानपत्रात, एखाद्या अधिकाऱ्याच्या बदलीच्या बातमीत. आमच्या घरात मात्र तो दिवाळीत भेटतो. पंतोजींच्या शाळेत एखादे पोर दोन दिवस फिरकले नाही, की पंतोजी चार दांडगी मुले त्याच्या घरी धाडीत. दोघांनी हात धरावयाचे, दोघांनी पाय. आणि ते ओरडणारे गाठोडे भर पेठेतून मिरवीत नेऊन शाळेच्या ओसरीवर टाकावयाचे. याचे नाव उचलबांगडी. माझ्या पणजोबांची अशी वरात निघाली होती म्हणे. पहिल्या आंघोळीनंतर सारे घर फराळाला बसले, की कडबोळे मोडता मोडता थोरले काका ही गोष्ट काढतात. दरवर्षी उचलणाऱ्या मुलांची संख्या थोडी वाढते. गेल्या दिवाळीत ती सहावर गेली होती.

मला आज सांगावयाची आहे ती याच्या अगदी उलटी गोष्ट. मूल शाळेत येईना, म्हणून कोणी मुलाला न उचलता शाळेलाच हातापायांना धरून उचलले आणि मुलाच्या दारात नेऊन ठेवले. हे आपल्या महाराष्ट्रात घडले, आणि उचलणाऱ्या दोन बायका होत्या. ही हकीकत मी हौसेने शोधली असे मात्र नाही. मजकडून एक खुलासा मागविण्यात आला होता, त्याच्या निमित्ताने ती हाती लागली. तेव्हा आधी त्या खुलाशाचे सांगते.

मी बिगरीची बाई. बिगरी म्हणजे पहिलीच्या अलीकडचा वर्ग. दारावरच्या पाटीवर त्याचे नाव आता इंग्रजी झाले आहे. पण नातवंडाला सोडायला येणाऱ्या पेठेतल्या आज्या अजून ‘बिगरीत घातलंय’ असेच म्हणतात. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक. ‘आई, मॅट्रिक कुठे राहिली, दहावी म्हण,’ असे माझी मुलगी मला सुधारते. दिवसा मी बिगरी सांभाळते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. कादंबरीतली माणसे मी सांगेन त्या रस्त्याने जातात. बिगरीतली जात नाहीत, आणि त्यातच या लेखाचा उगम आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी मी वर्गाला गंगावेशीकडे कुंभार गल्लीत नेले होते. सासूबाईंचे एक जुने नऊवारी पिळून मी त्याची दोरी केली आणि तिला बावीस गाठी मारल्या. एका मुलाची एक गाठ. पुढचे टोक माझ्या हातात, मागचे शाळेच्या मावशींच्या हातात. कोल्हापूरच्या रस्त्यावर लोक पुष्कळ गोष्टींना वाट देत नाहीत. पण या दोरीला रिक्षावालेसुद्धा थांबले.

कुंभारणीच्या म्हाताऱ्या सासूने चाक फिरवून दाखविले. मातीच्या गोळ्यातून पणती वर येताना पाहून पोरे श्वास घ्यायची थांबली. एक मुलगी चाकाकडे वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, कडा पळतीया, खरं मधलं थांबलंय.” मी पंधरा वर्षे चाक बघत आले आहे, मधले थांबलेले असते हे मला कधी दिसले नव्हते. म्हातारीने सगळ्यांना मातीचा एकेक गोळा दिला, आणि आम्ही निघालो. निघताना मी गाठी मोजल्या. बावीस गाठी, बावीस हात.

शाळेच्या दारात दोरी सोडली, तेव्हा शेवटून चौथ्या गाठीला एक अनोळखी मुलगी निघाली. साडेतीन-चार वर्षांची, कोपरापर्यंत मातीने भरलेली.

“तू कुणाची गं?”

“कुंभाराची.”

“मग इकडं कशी आलीस?”

“गाठ मोकळी हुती.”

गाठ मोकळी होती! म्हणजे त्या गाठीचा धनी वाटेतच कुठेतरी उतरला होता. पुढची वीस मिनिटे माझ्या आयुष्यातून काढून टाकता आली तर मी आनंदाने काढीन. मुलगा सापडला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर. आमच्या गावाची ही मौज बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. तिथे गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. फेसाळ दूध उभ्याउभ्या प्यावयाचे. एका भल्या गवळ्याने आमच्या चिरंजीवांना उपड्या बादलीवर बसविले होते. भीती नाही, रडे नाही. मला पाहताच म्हणाला, “बाई, आधी टुण्ण वाजतंय. मग भरलं की गप होतंय.” रिकाम्या भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज भांडे भरताना कसा बदलतो, हे त्याला कळले होते. मला त्या क्षणी ते ऐकण्याचे भान नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात तांब्याने बादली भरून सगळ्यांना तो आवाज ऐकविला, तेव्हा कुठे मी ऐकला.

चूक माझी होती. गाठी मोजल्या, तोंडे मोजली नाहीत. दुसऱ्या दिवशी पालक आले. एक वडील म्हणाले, “बाई, पोरगं ए-बी-सी-डी लिवायला घातलंय. म्हशी काय पळून जात्यात व्हय?” त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही, त्यांची काळजी त्या रागाखाली होती. संस्थेने सहली बंद केल्या आणि मजकडून एक पानाचा लेखी खुलासा मागितला. प्रश्न तीन होते. जबाबदारी कोणाची? बिगरीच्या अभ्यासक्रमात सहल आहे काय? आणि चार वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर नेण्याचा हेतू काय? पहिल्याचे उत्तर मी लगेच लिहिले: माझी. दुसऱ्याचेही सोपे होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ, कृती, शोध यांतून शिकवा म्हणून सांगितले आहे. कागदावर सगळे आहे. अडले ते तिसऱ्यावर. मनातून मला उत्तर ठाऊक होते. पण ‘मधलं थांबलंय’ हे सरकारी मराठीत कसे लिहावयाचे?

म्हणून मी आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसू लागले. १८५० सालापासूनची ही संस्था. इथल्या कपाटांनी माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांना पुष्कळ शिकविले आहे.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, एवढ्याशा मुलाचा शाळेशी संबंध आहे असे फार काळ कोणाला वाटतच नव्हते. आमचे राजर्षी शाहू महाराज किती पुढचे पाहणारे! गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते पुढच्या वर्षी कौन्सिलात पडले. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात तसा कायदाच केला. शिक्षण मोफत, आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. हीही एक उचलबांगडीच म्हणा. पण तीत खांदा राजाचा होता आणि हेतू मायेचा होता. परंतु तो कायदाही थोराड मुलांसाठी होता. गांधीजींची १९३७ ची वर्धा योजनासुद्धा सात वर्षांपासून सुरू होई. त्याआधीची वर्षे आईच्या पदराखाली नाहीतर गुरांच्या मागे.

तिकडे युरोपात फ्रोबेलने १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव काढले. नावातच बाग आहे, आणि त्याच्या शाळेत मुलांना स्वतःचे वाफेही असत. आज त्या नावाच्या किती शाळांत वाफा आहे, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे. मग १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सॅन लोरेन्झो या दरिद्री वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. मोठमोठ्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामाला जात आणि मागे राहिलेली पोरे जिने-भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून मालकांनी मुलांना एका खोलीत सांभाळायचे ठरविले आणि बाईंना बोलाविले. भिंती वाचविण्याच्या खर्चात जगाला एक नवे शिक्षणशास्त्र मिळाले.

त्या शास्त्रात खरबरीत कागदाची अक्षरे असतात. मूल त्यांवरून बोट फिरविते आणि डोळ्याआधी बोटाला अक्षर कळते. हे वाचले आणि मला हसू आले, कारण आमच्या पंतोजींची धूळपाटी दुसरी काय होती? पाटीवर बारीक धूळ पसरावयाची आणि बोटाने अक्षर गिरवावयाचे. साधन एकच. फरक एवढाच की, बाईंच्या खोलीत मूल आपण होऊन कागदाकडे जाई आणि पंतोजींच्या ओसरीवर ते चौघांच्या खांद्यावरून येई.

माँटेसरीबाईंचे पुस्तक भावनगरला पोचले ते एका वकिलाच्या हाती. गिजुभाई बधेका त्यांचे नाव. आफ्रिकेत जाऊन आलेले, वकिली चाललेली. १९१३ साली मुलगा झाला आणि याला कसे वाढवावे या विचारात ते पडले. वकिली सुटली. दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. मिशा राखणारा हा गृहस्थ मुलांत असा रमे की लोक त्यांना ‘मुछाळी मा’ म्हणू लागले. त्यांचे ‘दिवास्वप्न’ मला दोन कारणांनी आवडते. एक तर त्यांनी शिक्षणशास्त्र गोष्टीच्या रूपाने सांगितले, आणि कादंबरीकाराला त्याचे अप्रूप वाटणारच. दुसरे, त्यातला मास्तर चौथीच्या वर्गाला गोष्टी सांगतो, खेळवितो, बाहेर हिंडवितो आणि वर शिक्षणाधिकारी त्याला वर्षाअखेरच्या परीक्षेची आठवण देत असतो. खुलासा मागण्याची चाल जुनी आहे, एवढे वाचून मला धीर आला.

या गिजुभाईंच्या कामात १९२३ साली एक मराठी बाई येऊन मिळाल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ च्या पदवीधर, आणि राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झालेल्या. त्या काळी अशी जागा मिळालेल्या बाईने ती सोडून धुळीत बसणाऱ्या पोरांकडे यावे, हे लोकांना वेडेपणाचे वाटले असेल तर नवल नाही. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. तिथे सारे होते: लहान खुर्च्या, लाकडी ठोकळे, घंटा, गाणी. नव्हते ते गरिबाचे मूल. इटालीच्या धर्तीची ती साधने कारागिराकडून करवून घ्यायची तर पैसे लागत. सॅन लोरेन्झोच्या चाळीतून निघालेली पद्धत इकडे येईतो सुखवस्तूंची झाली होती. ताराबाईंचे मोठेपण मला वाटते ते हे, की शहरातले यश त्यांना पुरले नाही. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे गाव; तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. आचार्य भिसे यांच्यामुळे तिथे शिक्षणाचे वारे आधीच होते. मात्र आसपासच्या डोंगरात वारली माणूस सावकार-जमीनदारांच्या वेठीला बांधलेला होता. त्याच १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी त्या वेठीविरुद्ध उठाव केला. ज्या मुलखात बाप वेठबिगारीतून सुटू पाहत होता, त्याच मुलखात त्याच वर्षी पोरासाठी बिगरी निघत होती. दोन्ही कामे एकमेकांहून निराळी. पण सालाचा हा योग मला विसरता येत नाही.

बोर्डीत ताराबाईंच्या हाताखाली आल्या अनुताई वाघ. इथे मी थोडी रेंगाळणार आहे. वाचकांनी रागावू नये.

अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरे झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढचे आयुष्य ठरलेले होते: स्वयंपाकघराचा कोपरा आणि दुसऱ्यांची बाळंतपणे. घरच्यांनी शिकविले. त्या ट्रेनिंग झाल्या, शिक्षिका झाल्या. चांदवडकडे नोकरी केली, मग पुण्यात हुजूरपागेत. दिवसा शिकवीत आणि रात्रीच्या शाळेत शिकत. १९३७ साली मॅट्रिक झाल्या. सत्ताविसाव्या वर्षी, रात्रीच्या दिव्याखाली! हे वाचले त्या संध्याकाळी मी वाचन मंदिरातून घरी आले आणि मुलीला म्हटले, यापुढे मला दहावी म्हणावयाचे नाही, मॅट्रिकच म्हणावयाचे. बी. ए. त्या झाल्या १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, तेही आदिवासी पाड्यांतले काम सांभाळून. (माझ्या अजून काही वर्षे हातात आहेत.)

पुण्यातली पक्की नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. का यावे त्यांनी? थोरल्या बहिणीच्या काखेत धाकटे भावंड, दहा वर्षांच्या भावाच्या मागे गुरे, आई रानात, पोटात काही नाही. पंतोजी असते तर त्यांनी चार दांडगी मुले धाडली असती. या दोघींनी शाळाच उचलली. वस्तीत जायचे आणि एखाद्या झोपडीच्या अंगणात बसायचे. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे. मग गाणे, मग गोष्ट. बालवाडी अंगणात गेली म्हणून तिचे नाव अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही तसाच सुटला. शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, माती. मोजायला लाकडी मणी हवेत असे थोडेच आहे? चिंचोका मोजला तरी पाच पाचच होतात. शिवाय चिंचोका हरवला तर बाई ओरडत नाही. इटालीच्या पेटीतून जे यावयाचे ते आता समुद्रावरून आणि झाडाखालून येऊ लागले. ते गोळा करायला मुलांना घेऊन हिंडावे लागे, आणि ते हिंडणे म्हणजेच अभ्यास होता. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. मी ज्याला सहल म्हणत होते, ती सहल नव्हतीच. सहल म्हणजे शाळेतून चार घटका सुटी. इथे शाळाच चालत निघाली होती.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तिथे शाळेची आणखी एक उचलबांगडी झाली. थोरली मुले गुरांमागे कुरणात असत. गुरे सोडून शाळेत या म्हणणे म्हणजे उपाशी राहा म्हणणे. मग शिक्षक पाट्या-पुस्तके घेऊन कुरणात गेले. गुरे चरताहेत, झाडाखाली वर्ग भरला आहे, एखादे वासरू शेतात शिरले की पाढा अर्ध्यावर सोडून विद्यार्थी धावतो आहे. हिचे नाव कुरणशाळा. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी तोडही असाच साधा निघाला: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. ताईने धाकट्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण पहिलीत जावे. याला त्यांनी विकासवाडी म्हटले. एकेका अडचणीला एकेक शाळा! मुलांचे काही चुकते आहे असे या बायकांनी कधी धरले नाही. मूल येत नसेल तर शाळेची रचना चुकली असली पाहिजे, असे धरूनच त्या कामाला लागत.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्ट अखेरीस त्या वारल्या. अनुताई पुढे जवळजवळ वीस वर्षे कोसबाडलाच होत्या. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ च्या सप्टेंबरात तिथेच त्यांचे देहावसान झाले. दरम्यान १९७५ साली गांधीजयंतीला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. देशभरात ३३ ठिकाणी सुरुवात झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी. एका झोपडीच्या अंगणातला शब्द सरकारी कागदावर चढला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. त्यांत खिचडी शिजते, वजने होतात, लसी टोचल्या जातात. उपाशी पोराला गाणे सुचत नाही, तेव्हा याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरी कुलूपबंद फाटकाच्या, फरशी घातलेल्या एखाद्या अंगणवाडीवरून जाताना मला वाटते की, वाडी राहिली, पण अंगण कुठे गेले?

आमच्या कोल्हापुरातही हा धागा तुटलेला नाही. ना. सी. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी शिक्षकांना घडविण्यात उमेदीची वर्षे घालविली आणि १९८५ साली इथे सृजन आनंद विद्यालय काढले. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, जीत शिक्षा नाही, भीती नाही. त्यांचे ‘शिक्षणातील ओअॅसिस’ हे पुस्तक मी जिला जिला दिले तिने परत केले नाही. यापेक्षा पुस्तकाची थोरवी काय सांगू? लीलाताई २०२० साली गेल्या. कोसबाड महाराष्ट्राच्या एका टोकाला आणि कोल्हापूर दुसऱ्या टोकाला. तिथे अडचण दारिद्र्याची होती. इथे आमच्या पेठेत ती हौसेची आहे. तीन वर्षांच्या पोराने लिहिले पाहिजे ही हौस. त्याचे बोट अजून पेन्सिल धरण्याइतके घट्टही झालेले नसते. माती मळून, दोरी धरून, चिंचोके वेचून ते घट्ट होते, हे मी दर पालकसभेत सांगते. आया माना डोलावतात आणि घरी जाऊन रेघी वह्या घेतात.

तर माझा खुलासा अकरा पानांचा झाला. कार्यवाहांनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “बाई, एक पान मागितलं होतं.” पुढे महिने गेले, उत्तर नाही. मुले बाहेर जाऊ शकत नव्हती. पण बाहेरचे आत येऊ नये असे आदेशात कुठे लिहिले नव्हते.

जूनमध्ये शाळा उघडली, त्याच दिवशी कुंभारणीची ती म्हातारी सासू नातीला घेऊन दारात उभी. “बाई, दिवाळीपास्नं घोकतीया, ‘मी दोरीवर जातो, मी दोरीवर जातो.’ घ्या हिला.” आमच्या कोल्हापुरात मुली ‘मी जाते’ म्हणत नाहीत, ‘मी जातो’ म्हणतात, परगावची माणसे हसतात, पण मला ते ऐकायला फार बरे वाटते. त्या घरातले कोणतेच मूल सहा वर्षांच्या आत शाळेत गेले नव्हते. फीचा प्रश्न होता. तो आम्ही दोघी-तिघींनी मिळून सोडविला आणि हजेरीत तिचे नाव आले, तेविसावे. आषाढात बेंदराच्या आदल्या दिवशी म्हातारी पाटीभर माती घेऊन शाळेच्या अंगणात येऊन बसली. सगळ्या बिगरीने बैल केले. कुणाचे तीन पायांचे, कुणाचे सहा. एका बैलाला सोंड होती. गतसाली हरवलेला गडी आता पहिलीत आहे. तो मधल्या सुटीत येऊन बसला आणि बैलांना पाणी पिण्याचा आवाज देऊ लागला.

श्रावणात कागद आला. सहलीस परवानगी आहे. मात्र दोन पालक बरोबर असावेत, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि वारंवार मोजणी करावी. तिन्ही अटी रास्त आहेत. ‘म्हशी काय पळून जात्यात’ म्हणणाऱ्या गृहस्थांची धाकटी मुलगी यंदा बिगरीत आहे. त्यांनीच पहिले नाव दिले आणि दोरीचे मागचे टोक मागून घेतले.

दिवाळीच्या सुटीआधी पुन्हा पणत्या बघायला जावयाचे ठरले आहे. यंदा वाट कुंभाराची नात दाखविणार आहे. तिच्या आजीने किल्ल्यावरचे मावळेही करून ठेवले आहेत, कारण सुटी लागली की आमची पोरे दारोदार पन्हाळा बांधतात आणि त्याला कोणी खुलासा मागत नाही. परवा मी नवी दोरी पिळली. या वेळचे लुगडे माझ्या आईचे. मावशींनी गाठी मोजल्या. चोवीस भरल्या, पटावर मुले तेवीस.

“बाई, एक जादा पडली. सोडा की ती. परत कोणतरी लटकंल.”

मी सोडली नाही. मोजताना मात्र आता मी गाठी मोजत नाही, तोंडे मोजते.